लॅबच्या ३० मशीनसाठी व्हीएम इमेज: स्क्रिप्टने बनवणे, वाटणे आणि बॅचनंतर कोरी करणे

शिरपूर_लॅब

राम राम मंडळी. लॅबमध्ये ३० मशीन आहेत. प्रत्येकी ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, होस्टवर (खऱ्या मशीनवर) उबंटू आणि केव्हीएम, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) चालवायची लिनक्समधली सोय. जूनपासून त्याच मशीनवर दोन विषय चालणार. एकाला डेटाबेस सर्व्हरची एक व्हीएम लागते, दुसऱ्याला नेटवर्किंगसाठी दोन. मुलांना गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्ये) रूट, म्हणजे सर्वाधिकार, द्यावंच लागतं, त्यामुळे प्रत्येक बॅचनंतर व्हीएम पहिल्यासारखी कोरी व्हायला हवी.

आत्ता सगळं व्हर्च्युअल मशीन मॅनेजरच्या खिडकीतून क्लोन करून चालतं. त्यात तीन अडचणी आहेत. एकेका क्लोनला दहा-बारा मिनिटं जातात. होस्टची डिस्क भरते. आणि ब्रिज नेटवर्कवर दोन क्लोन सुरू केले की दोघांना एकच आयपी मिळतो, मॅक पत्ते वेगळे असूनही. हे सगळं कमांड लाइनवरून स्क्रिप्टने कसं बसवावं? लॅबचा स्विच १०० एमबीपीएसवर चालतो, तेही लक्षात घ्या.

तापीकाठचा

भाऊ, पूर्ण क्लोन करायची गरजच नाही. पाया एकच ठेवायचा आणि प्रत्येक व्हीएमला त्यावर पातळ थर द्यायचा. थर म्हणजे क्यूकाऊ२ फाइल, जिच्यात फक्त बदललेले तुकडे साठतात. न बदललेलं सगळं पायातून वाचलं जातं. तुकड्याचा ठरलेला आकार ६४ केबी, म्हणून नवा थर काहीशे केबीचा असतो आणि सेकंदाच्या आत तयार होतो. व्हीएम कोरी करायची म्हणजे थर उडवून नवा बनवायचा, इतकंच.

(इथल्या रिवाजाप्रमाणे कमांड देवनागरीत लिहितो. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.)

क्यूईएमयू-आयएमजी क्रिएट, छोटा -एफ क्यूकाऊ२, -बी पाया.क्यूकाऊ२, मोठा -एफ क्यूकाऊ२, थर.क्यूकाऊ२ २०जी

छोटा एफ म्हणजे नव्या फाइलचा प्रकार, मोठा एफ म्हणजे पायाचा प्रकार. नेटवरच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मोठा एफ नसतो. क्यूईएमयू (केव्हीएमच्या जोडीने व्हीएम चालवणारा प्रोग्राम) ६.१ पासून तो सक्तीचा आहे, नाहीतर कमांड तिथेच थांबते. सक्तीमागे कारण आहे. प्रकार सांगितला नाही तर क्यूईएमयू फाइलची सुरुवात वाचून अंदाज बांधतं. पाया रॉ (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) असेल आणि गेस्टमधल्या रूटने डिस्कच्या सुरुवातीला क्यूकाऊ२चं डोकं लिहून ठेवलं, तर होस्टवरची भलतीच फाइल उघडली जाऊ शकते. तुमच्या मुलांकडे रूट आहे, तेव्हा हे पुस्तकी नाही.

पाया स्वतः इन्स्टॉल करत बसू नका. डेबियन किंवा उबंटूची क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली तयार डिस्क) उतरवा आणि सोबतच्या यादीशी शा-२५६ बेरीज (फाइल शाबूत आली का ते दाखवणारा अंक) जुळवा. उबंटूच्या फाइलचं शेपूट आयएमजी असलं तरी आत क्यूकाऊ२च असतं. 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो' मारून खात्री करून घ्या. तिची आभासी डिस्क लहान असते, म्हणून वरच्या कमांडच्या शेवटी २०जी दिलं आहे. थर पायापेक्षा मोठा चालतो. पहिल्या बूटला क्लाउड-इनिट (गेस्टची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम) रूटचं पार्टिशन आणि फाइलसिस्टिम आपोआप ताणतं.

क्लाउड इमेजला पासवर्ड नसतो, त्यामुळे बियाण्याची आयएसओ (क्लाउड-इनिटला वापरकर्ता, पासवर्ड वगैरे सांगणारी छोटी सीडी-फाइल) लागतेच. तिच्यात दोन फाइली, यूजर-डेटा आणि मेटा-डेटा. 'क्लाउड-लोकलडीएस बी.आयएसओ यूजर-डेटा मेटा-डेटा' म्हटलं की झाली. जेनआयएसओइमेजने बनवली तर व्हॉल्यूमचं लेबल सीआयडेटा असायला हवं, नाहीतर गेस्टला ती दिसूनही उपयोग नाही. यूजर-डेटाची पहिली ओळ '#क्लाउड-कॉन्फिग', त्या आधी रिकामी ओळसुद्धा नको. आत टॅब नकोत, स्पेसच हव्यात. 'लॉगिन होत नाही' अशा बहुतेक तक्रारी या दोन गोष्टींतच सुटतात.

गिरणाकाठची

> दोघांना एकच आयपी मिळतो, मॅक पत्ते वेगळे असूनही

शिरपूरभाऊ, हे /ईटीसी/मशीन-आयडी मुळे होतंय. उबंटू सर्व्हरमधलं सिस्टिमडी-नेटवर्कडी (नेटवर्क जोडणारी सेवा) डीएचसीपी सर्व्हरला, म्हणजे आयपी वाटणाऱ्याला, ओळख म्हणून मॅक देत नाही, मशीन-आयडीवरून काढलेला क्रमांक देतं. पाया एकदा हाताने बूट केला की त्यात मशीन-आयडी लिहिला जातो आणि पुढचे सगळे क्लोन तोच घेऊन जन्मतात. सर्व्हरच्या दृष्टीने ते एकच मशीन, म्हणून आयपीही एकच.

पाया बंद करा आणि 'सुडो वर्ट-सिसप्रेप -ए पाया.क्यूकाऊ२' चालवा. मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट चाव्या, लॉग, बॅशचा इतिहास सगळं साफ होतं. तीन सूचना:

चालू व्हीएमच्या डिस्कवर हे कधीही नको, फाइलसिस्टिम फाटते.

उबंटू होस्टवर सुडोशिवाय चालणार नाही, कारण /बूट मधली कर्नलची फाइल फक्त रूटलाच वाचता येते आणि लिबगेस्टएफएस (सिसप्रेपमागची लायब्ररी) तीच कर्नल वापरून आपली छोटी व्हीएम उभी करतं. त्रुटीचा संदेश मात्र भलताच लांबलचक येतो आणि लोक तिसरीकडेच शोधत बसतात.

होस्ट चाव्या गेल्यावर डेबियन-उबंटूत एसएसएच सुरू होत नाही. क्लाउड-इनिट असेल आणि मेटा-डेटात नवा इन्स्टन्स-आयडी (ही व्हीएम नवी आहे हे सांगणारी ओळख) दिला असेल तर तेच नव्या चाव्या पाडतं. नसेल तर सिसप्रेपलाच --फर्स्टबूट-कमांड देऊन त्यात 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर' ठेवा.

हाताने करायचं असेल तर मशीन-आयडीची फाइल पुसू नका, शून्य बाइटची करा: 'ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी'. फाइल रिकामी असली की पुढच्या बूटला नवा क्रमांक भरला जातो.

मॅक पत्तेही नशिबावर सोडू नका. ५२:५४:०० नंतरचे तीन आकडे लॅब क्रमांक, मशीन क्रमांक, व्हीएम क्रमांक असे बांधून द्या. ३० मशीनमधली कोणती व्हीएम गोंधळ घालतेय ते एआरपीच्या (आयपी-मॅक जोड्यांच्या) यादीतच कळतं.

धुळेकर_आयटी

पायाबद्दल एक गोष्ट ठळक लिहायला हवी. थर बनल्यानंतर पाया पुन्हा बूट करायचा नाही. 'फक्त एक पॅकेज टाकतो' म्हणून बूट केला तरी पायातले तुकडे बदलतात, आणि वरचे सगळे थर जुना पाया धरून लिहिलेले असतात. अर्धी फाइलसिस्टिम जुनी, अर्धी नवी. क्यूईएमयू पायाची बेरीज तपासत नाही, काही बोलतही नाही. व्हीएम सुरू होते आणि नंतर केव्हातरी एक्स्ट४ च्या चुका यायला लागतात.

म्हणून पायाचा मालक रूट, मोड ४४४, वर 'चॅटर +आय'. नुसत्या ४४४ ने रूटचा हात अडत नाही, चॅटरने अडतो. आणि पायाच्या नावाने लिबवर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या सेवेत) डोमेन, म्हणजे व्हीएमची नोंद, शिल्लक ठेवू नका. डोमेनच नसेल तर चुकून सुरू होण्याचा प्रश्न नाही.

जागाही महत्त्वाची. इमेज /व्हार/लिब/लिबवर्ट/इमेजेस मध्येच ठेवा. घरच्या फोल्डरमध्ये ठेवल्या तर 'परमिशन डिनाइड' येतं, कारण व्हीएम लिबवर्ट-क्यूईएमयू या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि उबंटू २१.०४ पासून घरच्या फोल्डरचा मोड ७५० असतो.

तापीकाठचा

आता कोरी करायची स्क्रिप्ट. गाभा सांगतो:

१. पहिली ओळ: सेट -ईयूओ पाइपफेल. यू विसरू नका. व्हीएमच्या नावाच्या चलाला किंमत द्यायचीच राहिली आणि खाली आरएम असेल, तर काय पुसलं जाईल ते सांगता येत नाही.

२. एफलॉकने कुलूप. प्रयोगशाळा सहायकाने आणि क्रॉनने एकाच वेळी स्क्रिप्ट चालवली तर दुसरीने थांबायला हवं.

३. 'वर्श डिस्ट्रॉय नाव || ट्रू'. वर्श म्हणजे लिबवर्टची कमांड. डिस्ट्रॉय म्हणजे फक्त वीज काढणं, काही पुसलं जात नाही. व्हीएम आधीच बंद असेल तर ही कमांड चूक परत करते आणि सेट -ई मुळे स्क्रिप्ट तिथेच मरते, म्हणून पुढे ट्रू.

४. नवा थर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने बनवा, मग एमव्ही. एकाच फाइलसिस्टिमवर एमव्ही एका झटक्यात होतो. मध्येच लाइट गेली तरी जुना थर असेल किंवा नवा, अर्धवट काही नसेल. /टीएमपी मध्ये बनवून हलवलात तर तो एमव्ही राहत नाही, कॉपी होते, आणि हा फायदा जातो.

५. नव्या इन्स्टन्स-आयडीने बियाण्याची आयएसओ. तारीख आणि वेळ जोडून आयडी बनवा.

६. 'वर्श स्टार्ट नाव'.

डोमेन दर वेळी काढून नव्याने बनवायची गरज नाही. पहिल्यांदाच वर्ट-इन्स्टॉल --इम्पोर्ट ने बनवा, पुढे डिस्कची फाइल त्याच नावाने बदलत राहते. वर्ट-इन्स्टॉलच्या ४.० पासून --ओएस-व्हेरियंट द्यावाच लागतो. नावांची यादी 'ओएसइन्फो-क्वेरी ओएस' देते.

रॅम: ८ जीबीच्या होस्टवर नेटवर्किंगच्या दोन व्हीएमना प्रत्येकी १ जीबी पुरते, डेटाबेसला २ जीबी द्या. होस्टवर ब्राउझर उघडा असतो हे धरूनच चला.

शिरपूर_लॅब

मोठं काम झालं, आयपीचं कोडं तर मशीन-आयडीनेच सुटलं. आता वाटपाचं विचारतो. पाया तयार झाल्यावर साधारण ६ जीबी होतो. ३० मशीनवर कसा न्यावा? की एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरवर) एकच पाया ठेवून सगळ्यांना तिथून वाचू द्यावं?

धुळेकर_आयटी

एनएफएस या स्विचवर नको. १०० एमबीपीएस म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १२ एमबी. ३० मशीन एकदम बूट झाली तर प्रत्येकीच्या वाट्याला ०.४ एमबी. बूटला ३०० एमबी वाचायचे धरले तरी साडेबारा मिनिटं नुसती काळ्या पडद्याकडे बघण्यात जातात. पाया प्रत्येक मशीनच्या एसएसडीवरच असू द्या.

नेण्याआधी फाइल हलकी करा. गेस्टमध्ये 'एपीटी क्लीन', मग 'एफएसट्रिम -ए' (मोकळी जागा डिस्कला कळवतो). डिस्कला डिस्कार्ड=अनमॅप लावलेलं असेल तरच ट्रिम खालपर्यंत पोचतो. नसेल तर व्हीएम बंद करून 'वर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस'. त्यानंतर 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -पी -सी, मोठा -ओ क्यूकाऊ२'. -सी ने आकुंचित प्रत निघते. ६ जीबीची किती होईल ते आतल्या मालावर अवलंबून, पण २.४ जीबी झाली असं धरू. एका मशीनला २०० सेकंद, एकामागून एक ३० मशीनना १०० मिनिटं.

त्यापेक्षा यूडीपीकास्ट. पाठवणाऱ्यावर 'यूडीपी-सेंडर --फाइल पाया --मिन-रिसीव्हर्स ३०', बाकीच्यांवर 'यूडीपी-रिसीव्हर --फाइल पाया'. मल्टिकास्ट असल्याने फाइल तारेवरून एकदाच जाते, सगळी लॅब मिळून चार-पाच मिनिटांत. मात्र वेग सर्वात संथ मशीनचा धरला जातो. एक खराब केबल सगळ्यांना रांगायला लावते.

पोचल्यावर प्रत्येक मशीनवर शा-२५६ तपासणे स्क्रिप्टमध्येच हवं, आणि ते जुळल्याशिवाय पायाचं खरं नाव द्यायचं नाही.

भुसावळ_यार्ड

स्विच खरंच १०० चा आहे का ते एकदा बघा. 'इथटूल' मारून स्पीडची ओळ वाचा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. जुन्या लॅबमध्ये चारच तारा क्रिंप केलेल्या सापडतात आणि गिगाबिट स्विचसुद्धा १०० वर उतरतो. आरजे-४५ ची नवी टोकं मारली की तोच पाया दहापट वेगाने जातो.

आता विजेचं. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, सगळीकडे कूलर-एसी चालू, आणि लाइटचा भरवसा नाही. तेव्हा डिस्कची कॅश पद्धत तपासा. वेग वाढतो म्हणून कॅश=अनसेफ लावायचा सल्ला नेटवर मिळतो. त्यात गेस्टने 'आत्ताच डिस्कवर लिही' म्हटलेलं होस्ट कानाआड करतो. पाया बांधताना ते चालेल, कारण बिघडला तर पुन्हा बांधता येतो. ज्या डिस्कवर काही टिकवायचं आहे तिथे नको. तिथे कॅश=नन ठेवा.

यूपीएस असेल तर एनयूटीने (यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामने) होस्टला बंद व्हायचा इशारा द्या आणि लिबवर्ट-गेस्ट्सच्या फाइलमध्ये ऑन_शटडाउन=शटडाउन, शटडाउन_टाइमआउट=१२० करा. पुष्कळ ठिकाणी यूपीएस जेमतेम पाच-सात मिनिटं धरतो, त्यात टाइमआउट ३०० ठेवला तर होस्ट बंद व्हायच्या आधी बॅटरी संपते.

लाइट आल्यावर 'क्यूईएमयू-आयएमजी चेक'. स्क्रिप्टमध्ये परतीचा अंक वाचा. ० ठीक. १ म्हणजे तपासणीच पुरी झाली नाही. २ म्हणजे इमेज बिघडली. ३ म्हणजे फक्त गळती, जागा वाया गेली पण डेटा शाबूत. ३ ला 'चेक -आर लीक्स' पुरतं. २ आला आणि तो मुलांचा थर असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, उडवा आणि नवा बनवा. '-आर ऑल' फक्त डेटाच्या डिस्कवर, तेही आधी प्रत काढून. चालू व्हीएमवर चेकचा निकाल ग्राह्य धरू नका.

गिरणाकाठची

डेटाच्या डिस्कचं नाव निघालंच आहे तर सांगते. मुलांचं सत्राचं काम थरात राहू देऊ नका, कोरं करताना जाईल. प्रत्येक मुलाला १ जीबीची वेगळी क्यूकाऊ२ डिस्क द्या. 'वर्ट-मेक-एफएस --टाइप=एक्स्ट४ --फॉरमॅट=क्यूकाऊ२ --लेबल=काम --साइझ=१जी' आणि पुढे रिकामा फोल्डर व फाइलचं नाव, की फॉरमॅट केलेली डिस्क थेट मिळते. (लेबल प्रत्यक्षात रोमनमध्येच ठेवा.)

गेस्टच्या एफएसटॅबमध्ये (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) ती लेबलने माउंट करा, व्हीडीबी या नावाने नको, आणि 'नोफेल' लावा. नोफेल नसेल आणि डिस्क जोडायची राहिली, तर गेस्ट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो आणि आख्खा तास जातो.

पेन ड्राइव्हवर इमेज नेताना: फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, एक्सफॅट करा. रॉ इमेज असेल तर आणखी सांभाळा. 'एलएस -एल' २० जीबी दाखवतं, 'डीयू' ३ जीबी, कारण मधल्या पोकळ जागा मोजल्या जात नाहीत. एससीपीने किंवा एक्सफॅटवर नेलं की पोकळी भरून पूर्ण २० जीबी होतात. आरसिंकला मोठा -एस द्या, किंवा सरळ क्यूकाऊ२ करून न्या.

अमळनेरकर

आमच्याकडच्या लॅबमध्ये होस्ट विंडोजच आहेत, म्हणून व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांसाठी थोडं. व्हीबॉक्समॅनेजने हेच जमतं. पायाचा स्नॅपशॉट घ्या, मग 'क्लोनव्हीएम पाया --स्नॅपशॉट कोरा --ऑप्शन्स लिंक --नेम मशीन१ --रजिस्टर'. लिंक म्हणजे हाच थराचा प्रकार.

व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क) फाइल एक्सप्लोररमधून कॉपी-पेस्ट करून जोडली तर 'यूयूआयडी (डिस्कचा स्वतंत्र क्रमांक) आधीच आहे' म्हणून नाकारली जाते. 'क्लोनमीडियम' वापरा, तो नवा यूयूआयडी देतो. क्रिएटमीडियमचा --साइझ एमबीत असतो. २० लिहिलं तर २० एमबीचीच डिस्क मिळेल, २०४८० लिहा.

व्हीएमच्या खिडकीच्या कोपऱ्यात कासव दिसलं तर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हीएमची सोय) जागा आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या पाठीवरून चालतोय. सगळं संथ होतं. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टवर 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायजरलाँचटाइप ऑफ' आणि रीस्टार्ट. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर तीही बघावी लागते. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) त्यानंतर चालणार नाही, तेव्हा कुणाला ते लागतं का आधी विचारा.

शिरपूर_लॅब

केबल तपासल्या, खरंच चार-चार ताराच आहेत. बदलायला घेतो. आणखी दोन शंका. आकुंचित पाया तसाच वापरावा की उलगडून? आणि एका मशीनवर व्हीएम मध्येच 'पॉज्ड' होते, रिझ्यूम केली की परत पॉज्ड.

तापीकाठचा

पॉज्ड म्हणजे बहुधा होस्टची डिस्क भरली. थराला लिहायला जागा मिळाली नाही की क्यूईएमयू व्हीएम गोठवतं, जेणेकरून गेस्टचा डेटा बिघडू नये. 'वर्श डोमब्लकएरर नाव' मध्ये 'नो स्पेस' दिसेल. जागा मोकळी करा, मग 'वर्श रिझ्यूम'. गेस्टला काही कळतही नाही. जुने स्नॅपशॉट आणि पूर्ण क्लोन अजून पडून असतील, तिथून सुरुवात करा. पूर्वतपासणी म्हणून कोरी करायच्या स्क्रिप्टमध्ये १५ जीबीपेक्षा कमी जागा असेल तर थांब, असं 'डीएफ' वरून घाला.

आकुंचित पायाबद्दल माझं मत: नेताना आकुंचित, पोचल्यावर उलगडा. आकुंचित तुकडा वाचायचा तर दर वेळी सोडवावा लागतो, तो भार प्रोसेसरवर येतो आणि डेटाबेसच्या व्हीएममध्ये जाणवतो. तुमच्या एसएसडीवर ६ जीबीला जागा आहे. पोचल्यावर स्थानिक मशीनवरच -सी शिवाय कन्व्हर्ट करा.

भुसावळ_यार्ड

एवढं सगळं वर्शमधून करताना चालू व्हीएमच्या डिस्कवर 'क्यूईएमयू-आयएमजी स्नॅपशॉट' मारू नका. क्यूईएमयू २.१० पासून कुलूप असतं आणि 'राइट लॉक मिळाला नाही' म्हणून ते अडतं. त्या संदेशाला वळसा घालायचे सल्ले नेटवर आहेत, ते मानू नका. नुसती माहिती वाचायची असेल तर 'इन्फो' ला मोठा -यू द्या. स्नॅपशॉट हवाच असेल तर 'वर्श स्नॅपशॉट-क्रिएट-अ‍ॅज --डिस्क-ओन्ली --अ‍ॅटॉमिक', आणि परत एकत्र करायला 'वर्श ब्लॉककमिट व्हीडीए --अ‍ॅक्टिव्ह --पिव्हट'. पण हे कमिट पायापर्यंत जाऊ देऊ नका, --बेस ने तुमचा थर सांगा. नाहीतर तो बदल थेट पायात लिहायला जाईल.

शिरपूर_लॅब

शेवटचं: सत्राच्या मध्यात पायात नवं पॅकेज टाकावं लागलं तर? पाया बूट करायचा नाही हे कळलं, पण मग?

गिरणाकाठची

नवा पाया नव्या नावाने. जुन्या पायाची पूर्ण प्रत काढा, 'वर्ट-कस्टमाइझ -ए नवी-प्रत --इन्स्टॉल पॅकेजचं-नाव' चालवा, सिसप्रेप करा, नावात महिना घाला: पाया-ऑगस्ट.क्यूकाऊ२. जुनी फाइल त्याच नावाने ओव्हरराइट करू नका. स्क्रिप्टमध्ये पायाचं नाव एका चलात असतं, ते बदललं की पुढच्या कोऱ्या थरांना नवा पाया मिळतो आणि चालू असलेल्यांना धक्का लागत नाही.

'रिबेस -यू' ने जुना थर नव्या पायाला चिकटवू नका. -यू फक्त नाव बदलतो, आतला माल जुळतो की नाही ते बघत नाही. फोल्डर हलवल्यामुळे पायाचा रस्ता बदलला असेल तेवढ्यापुरताच तो आहे.

जुना पाया पुसण्याआधी प्रत्येक थरावर 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन' फिरवून जुनं नाव कुठे उरलंय का ते ग्रेप करा. व्हीएम चालू असतील तर भुसावळभाऊंनी सांगितलेला मोठा -यू जोडा. एकही ओळ आली नाही की 'चॅटर -आय' आणि मगच आरएम.